एक्केचाळीस लाल ओळी

दुपारच्या शांततेत यूपीएस टीं-टीं करू लागला. लोडशेडिंग. मनालीचा आत्ताच डोळा लागला होता, मुठीत माझ्या ओढणीचं टोक धरून. ते अलगद सोडवलं, तिच्या घामेजल्या कपाळावर फुंकर घातली आणि कॉम्प्युटरपाशी पळाले. यूपीएसच्या बॅटरीवर हातात फक्त पंधरा मिनिटं.

विद्यापीठाचा हा नवा प्रयोग. विद्यार्थ्यांनी रविवारी केंद्रावर वर्गाला यायचं, बाकी आठवडा पाठ वेबसाइटवर वाचायचे, अडलं की तिथंच विचारायचं. वेबसाइट बांधली मी, लेकीच्या झोपेच्या वेळात. उत्तरं द्यायची प्राध्यापकांनी. पण एवढी थोर माणसं अशी फुकट बोलतात होय! एकानं लेखी कळवलं, ‘प्रश्न छापून, आवक क्रमांक टाकून पाठवावेत. मग पाहू.’

संचालक खैरनार सर तर त्यांचे मुकुटमणी. पहिल्याच पानावर शाल-श्रीफळासकट स्वतःचा फोटो. सटाण्याच्या सायबर कॅफेत तो कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरेतो मुलांचा अर्धा तास संपतो.

सकाळी त्यांचा फोन आला होता.

“मॅडम, उद्या दिल्लीची समिती येतेय. स्क्रीनवर ते लाल-लाल काय दिसतं?”

“उत्तर न मिळालेले प्रश्न, सर. एक्केचाळीस आहेत.”

“बरं नाही दिसत.”

“मी देऊ उत्तरं? संख्याशास्त्र माझाच विषय होता.”

“अहो, उत्तरं कशाला? प्रश्नच काढून टाका! जमत नसेल तर सांगा, दुसरं कोणी बघतो. घरबसल्या काम कोण देतं हो हल्ली?”

म्हणून काढायला बसले. एकलहऱ्याचा एकजण विचारत होता, ‘वीज आमच्याच गावात बनते, तरी ती नसते. पाठ वाचू कधी?’ काढला. मालेगावचे तीन काढले. आधी खैरनारांची किळस येत होती, विसाव्या ओळीपर्यंत माझीही येऊ लागली.

शेवटची ओळ सटाण्याच्या नवसाबाईची. ‘मॅडम, शेतातल्या कांदाचाळीत कांदा भरणं चालू आहे, रविवारी येता आलं नाही. मध्यक काढताना संख्या आधी चढत्या क्रमानं लावायच्या का? तिसऱ्यांदा विचारते. राग मानू नका.’

राग मानू नका! एका ‘हो’चं काम, आणि दीड महिना तेवढं म्हणायला अख्ख्या विभागाला तोंड नव्हतं.

मी लिहिलं, ‘हो, नवसाबाई. आधी लावायच्या. तुमचं बरोबर आहे.’ ओळ काळी झाली.

“आई, तू सगळं लाल पुसलंस.” मनाली कधीची मागं उभी होती, अंगठा तोंडात. “चुकलेलं होतं? आमच्या बाई चुकलं की लाल करतात.”

तिला मांडीवर ओढलं. केसांना झोपेचा वास होता. “नाही गं राणी. ते प्रश्न होते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.”

तिनं उरलेल्या एकट्या काळ्या ओळीकडे पाहिलं. “हिला सांगितलंस?”

“हो.”

यूपीएस आता घाईघाईनं ओरडू लागला होता. तिनं त्या ओळीवरच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

“मग पुसलेल्यांना कोण सांगणार?”