माळावरची झोप

पाहुण्यानं मेंढीची शेपटी दोन बोटांत धरून उचलली, वाकून नीट पाहिली आणि तो एवढ्या मोठ्यानं हसला, की लाल कापड घातलेल्या टेबलामागचे साहेब बोलायचे थांबले.

"काय म्हनतोय त्यो?" म्हस्कूनं विचारलं.

दुभाषी मुलगी मंगोलियाचीच होती, पण पुण्यात तीन वर्षं शिकलेली. तिचं नाव सरनाई. म्हस्कू सकाळपासून तिला सरूबाई म्हणत होता आणि तीही ओ देत होती.

"बाबा, ते विचारतात, हिची शेपटी कोणी चोरली?" ती जपून जुळवलेल्या मराठीत म्हणाली. "आमच्याकडे शेपटी एवढी असते." तिनं हवेत परातीएवढा गोल काढला. "सगळी चरबी तिथे. हिवाळ्यासाठी."

"सांग त्याला, चरबी साठवाया आदी पोटभर गवत मिळाया पायजे म्हनावं!"

सरनाईनं सांगितलं. पाहुणा पुन्हा हसला आणि त्यानं म्हस्कूच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यानं बराच वेळ काढला नाही.

भारत आणि मंगोलियाच्या मैत्रीला सत्तर वर्षं होत होती. त्यानिमित्त मेंढ्या आणि लोकर यांबाबत दोन्ही देशांनी एकमेकांना काय शिकवायचं, याचा एक करार ठरला होता. संध्याकाळी पाच वाजता पुण्यात सह्या व्हायच्या होत्या. त्याआधी दख्खनी मेंढी बघायला मंगोलियाचे चार अधिकारी आणि त्यांच्यासोबत एक खराखुरा मेंढपाळ, असे पाच जण आणे पठारावर आले होते. शेपटीला हसलेल्या या मेंढपाळाचं नाव दोर्ज. वय म्हस्कूएवढंच, सत्तरीच्या आतबाहेर. स्वागताचा गुलाबी फेटा त्याच्या कपाळावर उतरला होता, तो त्यानं तसाच राहू दिला होता.

कळप निवडला होता तालुक्याच्या पशुवैद्य निर्मला मॅडमनी. म्हस्कूचा जन्म मेंढरांमागं गेला. पूर्वी दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, मिरगाच्या आत वर यायचं; अलीकडं पाच-सहा वर्षं तो बारा महिने या माळावरच असायचा. कुठल्या साहेबापुढं त्यानं कधी मान वर केली नव्हती. लस टोचायला या म्हटलं की जायचा, उन्हात थांबा म्हटलं की थांबायचा. अशा माणसाला महिन्यापूर्वी मॅडम म्हणाल्या होत्या, "म्हस्कूबाबा, चैत्रात आपले पाच मेंढपाळ मंगोलियाला जाणार आहेत. मी तुमचं नाव सुचवलंय."

तेव्हापासून म्हस्कूच्या डोळ्यांपुढं एक मुलूख तरंगत होता. बांध नाही, कुंपण नाही, डांबरी नाही. नुसतं गवत, आणि वाऱ्याबरोबर त्या गवतातून वाहत जाणाऱ्या लाटा. मेंढरं ढगांच्या सावल्यांसारखी पुढं सरकतायत. त्यांच्याही पुढं डोक्यावर बिऱ्हाड घेतलेली सुंदरा, त्याची बायको, झपाझप चाललीय. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण त्या मुलखात ती असायची, हाक मारली की मागं वळून बघायची. "सुंदरे, जरा दमानं," असं तो भर दुपारी झाडाखाली बसून म्हणायचा आणि मग इकडंतिकडं बघायचा, कुणी ऐकलं तर नाही ना.

साहेब लोक तक्ते उघडून बसले. दोर्ज मात्र कळपातच रमला. म्हस्कूनं एका मेंढीची धार काढून वाटी त्याच्या हाती दिली. दोर्जनं आधी अनामिकेचं टोक दुधात बुडवलं आणि दोन थेंब आभाळाकडं उडवले.

"आमीबी पयली धार भुईला देतो," म्हस्कू म्हणाला. हे सांगायला सरूबाईची गरज पडली नाही. त्यानं जमिनीकडं बोट केलं, दोर्जनं मान हलवली.

दोघं गवतात बसले. आश्विनातलं गवत, गुडघाभर वाढून नुकतं पिवळं पडू लागलेलं. दोर्ज त्याची एक काडी चावत हळू आवाजात बोलू लागला आणि सरनाई त्याच्यामागून एकेक वाक्य मराठीत ठेवत गेली.

"दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे मोठा हिवाळा आला. बर्फ पडला, थोडा वितळला, मग पुन्हा गोठला. गवतावर काचेसारखा थर. मेंढ्या खुरांनी खरवडायच्या, गवत दिसायचं, पण तोंडात येत नव्हतं. यांच्या चारशे होत्या. सकाळी बाहेर आले तर सगळ्या उभ्या. यांना वाटलं जगल्या. हात लावला तर..."

ती थांबली. चार-पाच वर्षांमागच्या डिसेंबरात इथं दोन दिवस अवकाळी गार पाऊस लागला होता. तेव्हा म्हस्कूच्याही चौसष्ट मेंढ्या थंडीनं आखडून गेल्या होत्या. सुंदरानं अंगावरचं घोंगडं काढून कोकरांवर टाकलं होतं आणि ती स्वतः काकडत बसली होती.

"माझ्या चौसष्ट," तो म्हणाला. "ह्याच माळावर."

सरनाईनं आकडा सांगितला. दोर्जनं म्हस्कूकडं पाहिलं, फेटा काढून बाजूला ठेवला आणि तो गवतात आडवा झाला. भोवती मेंढ्या कराकरा चरत होत्या. दोन-तीन जवळ येऊन बसल्या. बघता बघता त्याला गाढ झोप लागली.

तासाभरानं निर्मला मॅडम घाईघाईनं आल्या. "अहो, हे काय? बाबा, उठवा त्यांना. पाचला पुण्यात सह्या आहेत. एक आपला मेंढपाळ, एक त्यांचा, शेजारी शेजारी बसवायचे आहेत. तुम्हीसुद्धा चला."

म्हस्कू हलला नाही.

"मॅडम," सरनाई हळूच म्हणाली, "त्या हिवाळ्यापासून हे झोपतच नाहीत. यांची बायको फोनवर सांगत होती. रात्रभर तंबूबाहेर बसून मोजतात. नसलेल्या मेंढ्या."

मॅडम जरा घुटमळल्या. तेवढ्यात टेबलाकडून मोठ्या साहेबांचा आवाज आला. मॅडमनी म्हस्कूला बाजूला घेतलं. "बाबा, ऐका माझं. यादी साहेबांच्या हातात आहे. ते चिडले तर तुमचं नाव राहायचं नाही. एका माणसाच्या झोपेपायी..."

म्हस्कूनं झोपलेल्या दोर्जकडं पाहिलं. तोंड किंचित उघडं, मुठीत गवत. मग त्याला तो मुलूख दिसला, त्या लाटा दिसल्या, आणि त्यातून पुढं चाललेली सुंदरा. या वेळी तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"निजू द्या त्याला," तो म्हणाला.

"बाबा..."

"मॅडम, तुमच्या पाया पडतो. पन उठवू नका. लई दिसांनी लागलीया. मलाबी कुठं जायाचं न्हाई."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग म्हस्कूकडं पाहिलं आणि ते गाडीत बसले. गाड्या धुरळा उडवत गेल्या. एक गाडी, तिचा ड्रायव्हर आणि सरनाई मागं राहिले. म्हस्कू काठी घेऊन उभा राहिला. ऊन सरकलं की तोही सरकायचा, म्हणजे त्याची सावली दोर्जच्या तोंडावर राहायची. सूर्य पार कलला तेव्हा पाहुणा उठला. कुठं आहोत हे त्याला पटकन उमजेना. मग मेंढ्या दिसल्या आणि त्याचा चेहरा निवळला. तो निघाला तेव्हा कुणाचं भाषण झालं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत म्हस्कू हात वर करून होता.

पुण्यात सह्या ठरल्याप्रमाणे झाल्या. चैत्रात यादी लागली. शिनोलीचा आदेश नावाचा एक शिकलेला तरुण होता तिच्यात, आणखी चौघं होते. म्हस्कू नव्हता.

हे सांगायला मॅडम स्वतः माळावर आल्या. "मी खूप सांगून पाहिलं, बाबा," त्या खाली बघत म्हणाल्या.

"आसूं द्या," म्हस्कू म्हणाला. "मॅडम, दोरजीला झोप लागती का आता?"

मॅडमनी फोन काढला, सरनाईला विचारलं आणि तिनं सांगितलेलं त्या म्हस्कूला सांगू लागल्या. "तिकडच्या सरकारनं त्यांना सहा मेंढ्या दिल्यात म्हणे. मोजत बसतात अजून. पण सहापर्यंत आले की झोप लागते."

"साच?"

"सहाच."

माळावर गवत उरलं नव्हतं. त्याच्या मेंढ्या एकमेकींच्या सावलीत माना घालून उभ्या होत्या. म्हस्कूनं मॅडमना वाट करून देण्यासाठी काठीनं त्यांतल्या दोघींना बाजूला केलं.

"सुरवातीला सा लई झाल्या," तो म्हणाला.