चौदा नंबरचा कागद

फुकटच्या कागदाले आपल्याकडे कोणी इचारत नाई, हे मले पहिल्याच महिन्यात समजलं. मी महामाया, शाळेत पाचवीले गणित शिकवते. घरच्या कम्प्युटरवर सरावाचे कागद तयार करून मी वेबसाइटवर टाकत होती. कोणीही उघडा, प्रिंट काढा, पोराले सोडवाले द्या. तरी पालक म्हणत, "मॅडम, नेटवरचं काय खरं?" मले असा राग आला की मी एक गोल शिक्काच बनवला, "तपासले, बरोबर", आन् प्रत्येक पानाच्या खाली टाकला. झालं! शिक्का पाह्यला आन् लोकं तोच कागद घडी करून जपून ठेवाले लागले. संग्रामपुरात गफ्फारभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात तर पोरं नंबर सांगून कागद मागत. मी फुगली होती, खोटं काऊन बोलू?

दुसरा तोरा माह्या उदाहरणांचा. ज्या पोराच्या घरी कपाशी, त्याले आगगाडीचं गणित कायले पाहिजे? म्हणून माह्या कागदावर सारं शेतातलंच. सरकीची पाकिटं, कापसाच्या गाठी, फवारणीचे पंप.

ते सतरा साल होतं. बीटीच्या कपाशीले बोंडअळी लागतच नाई, असं सांगून सांगून लोकायचे कान किटवले होते, आन् त्या वर्षी बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळे. जो तो पाठीवर पंप घेऊन फिरे. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यानं फवारा उलटा तोंडावरच येत होता.

ऑक्टोबरच्या एका रविवारी, दुपारी बाराच्या सुमारास, मी गफ्फारभाईच्या दुकानात बसली होती. तेवढ्यात सिंधूताई आली. तिची पोरगी उत्पला माह्याच वर्गात, नवरा जानराव कपाशी करे.

"जय भीम, मॅडम. गफ्फारभाई, पाचवीचा चौदा नंबर काढा बरं एक."

"उत्पलाचा हरवला काय?" मी इचारलं.

"नाई वं. तो हाय. हा आमच्या वावराच्या धुऱ्यापलीकडच्या, शेजारच्या हिंमतरावले पाहिजे. फवारणीचा कागद हाय न तो."

"फवारणीचा? मी कुठं फवारणीचा कागद काढला?"

गफ्फारभाईनं मशीनमधून कागद ओढला. सिंधूताईनं तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. मी वाचलं. 'एका पंपात ५० मिली औषध टाकतात, तर ८ पंपांना किती औषध लागेल?'

पन्नास हा आकडा माह्या मनातला होता. पोरायले पन्नासनं गुणाले सोपं जाते, म्हणून टाकला होता. औषधाची बाटली मी जन्मात कधी हातात धरली नव्हती.

"दुकानदारानं किती सांगतलं होतं, सिंधूताई?"

"पाच. पण पाचानं अळी हटली काय? मंग हे म्हणले, दुकानदार तोंडानं बोलते, हा तर छापील हाय, खाली शिक्का हाय, आन् उत्पलाच्या उत्तरावर मॅडमची लाल खूणबी हाय. बाटलीवरचे अक्षरं मुंगीएवढे, कोणाले दिसतेत ते?"

"जानराव कधीपासून फवारून राह्यले?"

"सकाळपासून. काऊन, मॅडम?"

मी जानरावले फोन लावला. लागला नाई. पुन्हा लावला. शेतात कुठं रेंज येते! गफ्फारभाई माह्या तोंडाकडेच पाहत होते. "तुम्ही व्हा पुढं," ते म्हणले, "मी जीप घेऊन मागून आलोच."

सिंधूताईले मागं बसवलं आन् स्कूटी पळवली. सहा किलोमीटरचा रस्ता, त्यात गाडीभर खड्डे. ती मागून इचारत होती, "काय झालं? बोला न काई." अखेर मी ओरडली, "दहापट जास्त हाय ते, सिंधूताई! दहापट!" वरून तिच्यावरच खेकसली, "घरात एकानंबी बाटली वाचू नाई काय?" तोंडातून निघालं आन् माही मलेच लाज वाटली. बाटली तर मीबी वाचली नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काई उगीच नाई.

माह्या खांद्यावरची तिची पकड घट्ट झाली.

नाल्यापाशी गाडी टाकून आम्ही पळालो. हिंमतराव धुऱ्यावर कागदाची वाट पाहत बसले होते, पंप अजून रिकामाच. समोर कपाशीची हिरवी भिंत. माणूस दिसत नव्हता, फक्त आतून बॅटरीच्या पंपाची घरघर ऐकू येत होती.

"अहो! ओ उत्पलाचे बाबा!" सिंधूताई जीव तोडून ओरडली.

घरघर चालूच. मले वाटलं, चला, पंप चालू हाय म्हणजे माणूस चालू हाय. मंग ध्यानात आलं, तो आवाज हालतच नव्हता. एका जागेवरूनच येत होता.

सिंधूताई आत घुसली. मागून हिंमतराव, त्यांच्या मागं मी.

जानराव पालथे पडले होते. पाठीवर पंप तसाच, नळीतून औषध मातीत जाऊन राह्यलं होतं. तोंडाले फेस. सिंधूताईनं पट्टे ओढून पंप काढला, अंगातला शर्ट फाडून काढला, हिंमतरावनं हंड्यानं पाणी ओतलं. मी नुसती "जानराव, डोळे उघडा" म्हणत राह्यली. श्वास होता. गफ्फारभाईची जीप धुऱ्यापर्यंत आली, तवा कुठं मले रडू फुटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली पाह्यली. "पंपाला किती टाकलं?"

"पन्नास मिली," सिंधूताई म्हणली.

"पन्नास? कोणी सांगितलं हे?"

सिंधूताईनं माह्याकडे पाह्यलं आन् मान खाली घातली. ती माहं नाव घेणार नव्हती.

"मी," मी म्हटलं. "मी सांगतलं."

डॉक्टर इंजेक्शनं भरत राह्यले. बाकावर बसून मी मोबाइलवर वेबसाइट उघडली. चौदा नंबरचा कागद सहाशे बारा वेळा उतरवला होता. एक बटण दाबून मी तो काढून टाकला, तिथं मोठ्या अक्षरात सूचना लिहिली, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली, गफ्फारभाईले दुकानातले सारे जाळाले सांगतलं. पण ज्याच्या घरी भिंतीले चिकटवला असन, त्याले कसं कळन? सहाशे बारा घरं मी कुठं कुठं शोधू?

दिवस कलता कलता डॉक्टर बाहेर आले. "वाचतील. वेळेवर आणलं." सिंधूताई भिंतीले टेकून खालीच बसली.

हिंमतराव उत्पलाले घेऊन आले. ती आईकडे गेली नाई, सरळ माह्यापाशी आली. तिच्या मुठीत बाबांनी शेतात नेलेला तिचाच कागद होता, चिखलानं भरलेला. खाली माहा शिक्का, आन् तिच्या चारशेवर माही लाल खूण, बाजूले 'शाबास'.

"मॅडम, आठ गुणिले पन्नास चारशेच होते न?" तिचा आवाज फाटला होता. "बाबांनी मलेच इचारलं होतं किती मोजाचं ते. माह्यामुळं झालं काय?"

मी तिले जवळ ओढलं. "नाई बाई, नाई. तुहं उत्तर बरोबर हाय. प्रश्नच चुकला. तो मी लिहिला होता."

तिनं कागद माह्यापुढं धरला. मंग म्हणली, "मंग फुली मारा न त्याच्यावर. आमचं चुकलं की मारता तशी."

मी पर्समधून लाल पेन काढला. कागद ओला होता. प्रश्नावर आन् खालच्या शिक्क्यावर मी फुली मारली. ती वाकडी आली, पण उत्पलानं चालवून घेतली.