चौघांचं पान

घरातल्या मोठ्या माणसाच्या हातातून फोन काढून घेताना आपण काय म्हणतो? "द्या इकडे, मी करते." अगदी प्रेमाने म्हणतो. तिकीट काढायचं असो की डॉक्टरांची वेळ घ्यायची असो, दोन मिनिटांत काम उरकतो, फोन परत देतो आणि मोठी सेवा केल्यासारखे निघून जातो. ही गोष्ट अशाच एका प्रेमळ लेकीची आहे. तिच्या प्रेमाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या घाईबद्दल, आणि ती घाई तुमच्या-माझ्या घरातही आहे.

या लेकीला घरात सगळे तुफान म्हणत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, चालता चालता जेवायची आणि जेवता जेवता अभ्यास करायची. तिचे बाबा लिफ्ट मेकॅनिक. लिफ्ट दोन मजले वर गेली की नुसत्या आवाजावरून "हिचा ब्रेक घासतोय" असं सांगणारा माणूस! एकतीस वर्षं त्यात गेली. पण आता कंपनीने कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या लिफ्ट बसवायला घेतल्या होत्या, आणि त्यांना हात लावायचा तर ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र हवं होतं. ज्याला ते मिळणार नाही त्याने स्टोअरमध्ये बसून इतरांना स्क्रू आणि वायरी काढून द्यायच्या. बाबांना उंचीची भीती कधी वाटली नव्हती. या स्टोअरची मात्र वाटत होती.

कोर्सचं शेवटचं काम चौघांच्या गटाने करायचं होतं. चार गावांतले चार मेकॅनिक, एकमेकांना कधी न भेटलेले. बाबांनी त्यांची बारशी करून टाकली होती. सतत खोकणारे आणि बोलणारे ते उस्ताद, नव्या लिफ्टवर काम केलेली ती ताई, आणि आठवड्यातून एक वाक्य बोलणारे ते मौनीबाबा. विषय होता, लिफ्ट मजल्याच्या बरोबरीला का थांबत नाही. कोर्सच्या अॅपमध्ये गटाचं एक पान होतं. त्यावर चौघांपैकी कुणीही लिहावं, फोटो टाकावा, नाहीतर चौघांनी फोनवर एकत्र बोलून त्याचं रेकॉर्डिंग ठेवावं. मग व्हिडिओवर तोंडी परीक्षा.

एका रविवारी सकाळी बाबा त्या पानावर एका बोटाने काहीतरी लिहीत बसले होते. तुफानने मागून डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. अर्धी वाक्यं, उलटा टाकलेला मोटरचा फोटो, आणि ओळीने अकरा रेकॉर्डिंगं!

"बाबा, उद्या द्यायचंय ना हे? द्या इकडे."

"अगं, पण आमचं चाललंय अजून..."

"गटाचं काम म्हणजे काय असतं ते मला विचारा. एकाने राबायचं आणि तिघांनी नावं लावायची. आमच्या कॉलेजात सगळं मीच करते."

फोन तिच्या हातात गेला. पहिलं रेकॉर्डिंग तिने लावलं. "अहो, तो पंखा बंद करा आधी, काही ऐकू येत नाही," आणि मग खोकला. तुफानने ते तिथेच थांबवलं. या गप्पाच असणार, असं ठरवून तिने अकराच्या अकरा पुसून टाकली. चाळीस मिनिटांत तिने पानाचं रूप पालटलं. मथळे, तक्ते, नीटनेटकी वाक्यं. आणि पाठवूनही दिलं.

"बघा आता, कसं स्वच्छ दिसतंय!"

बाबांनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "छान झालंय," ते म्हणाले. मग हत्यारांची पिशवी काढून, कालच पुसलेल्या पकडी पुन्हा पुसत बसले.

दुपारी आईने विचारलं, "तुझे बाबा आज गप्प का गं?"

"थकले असतील," तुफान म्हणाली. आता थकायला त्यांना काही शिल्लक ठेवलं होतं का तिने! पण हे तिच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी संध्याकाळी बाबा कामावरून येऊन हातपाय धूत होते, तेवढ्यात कोर्सच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. तुफानने उचलला. पांढऱ्या केसांच्या, चष्मा डोक्यावर सारलेल्या बाई होत्या.

"मी त्यांची मुलगी. मला सांगा ना, मी सांगते त्यांना."

"तेच बोलायला फोन केलाय," मॅडम हसून म्हणाल्या. "तुमच्या पानावरचं सगळं रविवारी सकाळी चाळीस मिनिटांत एकाच फोनवरून लिहिलं गेलंय. कोण काय लिहितं, काय पुसतं, याची नोंद ते पान ठेवतं. नियमाप्रमाणे अख्खा गट नापास होतो."

"चौघंही?" तुफानने विचारलं. स्टोअरची खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली. "पण मॅडम, एक ओळ चुकलेली दाखवा!"

"एकही चुकलेली नाही. म्हणून तर काळजी वाटली. उद्या एखादी लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबली आणि कुणी अडखळून पडलं, तर तिथे दुरुस्तीला तू जाणार आहेस का?"

"मी फक्त त्यांचा त्रास वाचवला."

"त्रास वाचवलास, त्याबरोबर शिकणंही वाचवलंस! बाळा, दुसऱ्याच्या ओंजळीने किती दिवस पाणी प्यायचं माणसाने? आणि ती रेकॉर्डिंगं तू ऐकली होतीस का?"

"एक... थोडंसं."

"मी सगळी ऐकली. पुसलेलं परत आणता येतं, मी ते आणून ठेवलंय. ऐक, आणि मग मला फोन कर."

बाबा टॉवेलला हात पुसत दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तुफानने त्यांच्यासाठी जागा केली आणि दोघं ऐकायला बसले.

उस्तादांचा पंखा झाला, खोकला झाला. मग बाबांचाच आवाज आला. "एक विचारू का? हसू नका. एन्कोडर, एन्कोडर असं सगळे म्हणतात, मीही सहा वर्षं मान डोलावतोय. ते नक्की करतं काय?"

तुफानने वडिलांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

"मोटरच्या दांड्यावर बसलेला मोजणारा आहे तो," ताईचा आवाज सांगत होता. "मोटर किती फिरली हे मोजतो आणि लिफ्टला सांगतो, की बाई, तू इथवर आलीस."

"बरं झालं विचारलंत," उस्ताद म्हणाले. "मलाही ठाऊक नव्हतं!" आणि मग असा हशा, की फोन थरथरला.

मौनीबाबांचं एकच वाक्य होतं. "एकाच मजल्यावर चुकत असेल तर लिफ्टच्या वाटेवर लावलेली त्या मजल्याचीच खूण हललेली असते, उगाच अख्खी लिफ्ट खोलू नका." त्यावर बाबा, "अहो, मी एकदा दोन दिवस खोलून बसलो होतो!" असं म्हणून मनापासून हसले होते. बाबांचं असं हसणं तुफानने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

अकराव्या रेकॉर्डिंगला बाबांनी हात पुढे केला. "हे राहू दे."

पण ते सुरू झालं होतं. उस्ताद म्हणत होते, "तुमची लेक कॉलेजात आहे ना? तिच्याकडून घ्या की लिहून."

"नको," बाबांचा आवाज आला. "गुणाची आहे हो पोरगी, सगळं करून देते मला. पण ती फोन हातातून घेते ना, तेव्हा वाटतं की संपलो आपण. हे एवढं तरी मला माझं करू दे. तिला मात्र यातलं कळू देऊ नका, वाईट वाटेल तिला."

आणि हे तिने पुसलं होतं! न ऐकता! तुफानला रडू आवरेना.

"बाबा, मला थांबवायचं ना!"

"थांबवणारच होतो," बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाले. "तोवर तुझं लिहून झालं होतं."

तिने त्याच संध्याकाळी मॅडमना फोन लावला. "चूक माझी आहे, या चौघांची नाही. त्यांना एक संधी द्या."

"रविवारपर्यंत वेळ देते. पण तुझं बोट त्या पानाला लागता कामा नये."

"शेजारी बसलं तर चालेल?"

"बस की! शिकणं शेजारी बसूनच होतं. मी ही चार माणसं एका पानावर बसवली, ती काही कागद भरायला नाही."

तुफानने गटाचीही माफी मागितली, पानावर नव्हे, बाबांच्या फोनवरून तिघांना निरोप पाठवून. उस्तादांचं उत्तर आलं, "पोरी, माझा खोकला पुसलास, ते आमच्या डॉक्टरलाही जमलं नाही. रागावू कशाला?"

पुढचे दिवस तिची खरी परीक्षा होती. बाबा एकेक अक्षर शोधत आणि ती हात मांडीखाली दाबून बसे. विचारलं तर एवढंच सांगे, "वर काय लिहिलंय ते वाचा." उलटा फोटो सुलटा करायला बाबांना अठरा मिनिटं लागली. सुलटा झाल्यावर त्यांनी तो स्वयंपाकघरात नेऊन आईला दाखवला. पान चौघांनी भरलं. ते काही सुंदर दिसत नव्हतं, पण त्यात प्रत्येकाचा हात ओळखू येत होता.

रविवारी सकाळी तोंडी परीक्षा झाली. पडद्यावर चार चेहरे होते. मॅडमनी बाबांना नेमकं ताईच्या भागातलं विचारलं. "एन्कोडर ठीक असूनही लिफ्ट का चुकते?"

बाबा बोलू लागले आणि मध्येच अडकले. त्यांची नजर तुफानकडे गेली. तिला उत्तर येत होतं, अगदी जिभेच्या टोकावर होतं! तिने ओठ घट्ट मिटले.

"ती जोडणी," मौनीबाबा हळूच म्हणाले. मॅडमनी त्यांना अडवलं नाही.

"हां! जोडणी!" बाबांचा चेहरा उजळला. "मोटरशी जोडलंय तिथेच सैल झालं, तर मोटर फिरते आणि मोजणारा मागे राहतो. लिफ्टला वाटतं एक, असतं भलतंच. मग मोजणारा बदलून काय उपयोग? आधी तो नट आवळा."

गट पास झाला. गुण एकसष्ट. तुफानच्या नीटनेटक्या पानाला नव्वद सहज मिळाले असते.

"एकसष्ट!" बाबा उभे राहून ओरडले. "सगळे माझे!" मग पडद्याकडे पाहून घाईने म्हणाले, "आमचे, आमचे!" आणि उस्तादांशी बोलायला फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. तुफान बाहेर एकटीच डोळे पुसत हसत होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गटातल्या, कधीच न बोलणाऱ्या मुलीला तिने स्वतःहून फोन केला. "तुला काय वाटतं ते सांग. मी ऐकते आहे."

मित्रहो, आज चार गावांतली चार माणसं एका पानावर बसून शिकू शकतात. केवढी मोठी सोय आहे ही! पण सगळं एकानेच लिहिलं तर त्या सोयीचा काय उपयोग? ज्याला शिकायचं आहे त्याला चुकू द्यावं लागतं, विचारू द्यावं लागतं आणि दुसऱ्याचं बोलणं खोकल्यासकट ऐकावं लागतं. म्हणून घरात कुणी फोनपाशी अडखळलं, तर आपला हात आवरा आणि शेजारी खुर्ची ओढून बसा. त्यांना वेळ लागेल. लागू द्या.