डावखुऱ्याच्या कमानी

रविवारी दुपारी चार वाजता प्रिस्का तुस्कानोने भाच्याचे इयरफोन कानात घातले आणि स्वतःच्याच गावात पाहुणी म्हणून फिरायला निघाली.

वसई तालुक्यातल्या निर्मळमध्ये दोन महिन्यांपूर्वी ही पायी सहल सुरू झाली होती. गाइड नाही, ठरलेली वेळ नाही. निळ्या पाटीवरचा चौकोन फोनने टिपला की नकाशा उघडायचा, आणि थांब्यापाशी पोचलं की फोन बोलू लागायचा. सात थांबे, पावणेतीन किलोमीटर. तळं, देवळाच्या पायऱ्या, जुन्या गोठ्यातला मातीकामाचा स्टुडिओ, चौथ्या थांब्यावर कॅफे, पुढे रंगवलेल्या भिंती, बेकरी आणि शेवटी केळीच्या वाडीतलं हॉटेल. विरारच्या फ्लॅटांतून पोरंपोरी यायची, फोटो काढायची, जाताना भाजीच्या दोन जुड्या घेऊन जायची. गावाला ते आवडलं होतं. प्रिस्कालाही.

तिसऱ्या थांब्यापर्यंत तिला खोट काढण्यासारखं काही सापडलं नाही. आणि त्यात ती कच्ची नव्हती. तीस वर्षं तिने एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती.

चौथ्या थांब्यावर फोन म्हणाला, "तुमच्यासमोर आहे पोर्तुगीज काळातला बंगला, अंदाजे अडीचशे वर्षं जुना. याच्या कमानी लिस्बनहून आलेल्या कारागिरांनी घडवल्या असं मानतात."

प्रिस्काने ते तीनदा ऐकलं. भिंतीवरच्या पाटीवरही तेच लिहिलं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी वसईत पोर्तुगीज नव्हतेच, ते १७३९ मध्येच गेले, ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की या कमानींचा गिलावा ओला राहावा म्हणून विहिरीवरून कळश्या वाहिल्या होत्या त्या तिने स्वतः, नऊ वर्षांची असताना. आणि गिलावा करत होता तिचा बाप, ॲन्सेल्म गवंडी.

ती तडक आत गेली.

कॅफे चालवणारा सिद्धेश तिशीचा, गोड बोलणारा पोरगा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आंटी, बसा ना. कॉफी घ्या, माझ्याकडून."

"कॉफी नको. पाटी बदल."

"अहो, पण लोकांना पोर्तुगीज आवडतं. चौऱ्याहत्तर सालचा बंगला बघायला बोरिवलीहून कोण येणार? चौऱ्याहत्तरचे बंगले तिकडे पाडतायत."

"म्हणून माझ्या बापाला पाडायचं?"

सिद्धेश हसला. मग हसायचं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं.

कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत घरमालक आग्नेल डाबरे बसला होता. बंगला त्याच्या वडिलांनी बांधून घेतलेला. भाड्याने दिल्यापासून रोज संध्याकाळी तो इथे येऊन एक चहा पीत असे. प्रिस्का आणि तो एका बाकावर शिकलेले.

"आग्नेल, तू सांग याला. वाळू चाळताना तूच चाळणीत बसायचास. माझ्या बाबांच्या शिव्या खाल्ल्यास तू."

आग्नेलने बशीत चहा ओतला. "जाऊ दे ना, प्रिस्का. चार लोक येतात, गावाचं नाव होतं. तुझं काय जातं?"

"बाबांचं जातं. दुसरं काय ठेवून गेले ते?"

 आग्नेल चहा पीत राहिला.

सिद्धेशने आर्याला फोन लावला. सहल तिने तयार केली होती; आर्किटेक्ट होती, विरारला राहायची, आणि त्या दिवशी बेकरीपाशीच नवी पाटी लावत होती. दहा मिनिटांत ती स्कूटरवरून आली. तिनेही शांतपणे ऐकलं, वहीत लिहून घेतलं, आणि विचारलं, "काकू, काही कागद आहे? नकाशा, पावती, फोटो?"

"गवंड्याचा कागद नसतो, बाय. गवंड्याची भिंत असते."

"एक करता येईल," सिद्धेश मध्ये पडला. "खाली बारीक लिहू. 'दुरुस्ती: ॲन्सेल्म तुस्कानो.' दोघांचं राहील."

"दुरुस्ती मी करतेय," प्रिस्का म्हणाली. "त्यांनी बांधलं होतं."

तिने आर्याचं मनगट धरलं आणि तिला मधल्या कमानीखाली उभं केलं. ऊन कलतं झालं होतं, भिंतीला घासून येत होतं. जुनेपणा दिसावा म्हणून सिद्धेशने कमानींवरचा रंग खरवडून काढला होता, त्यामुळे खालचा गिलावा उघडा पडला होता.

"हात लाव. थापी ओढून उचलली की शेवटी गिलाव्याला ओठ येतो. लागतो?"

आर्याने बोट फिरवलं. "लागतो."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. इथेही डावीकडे. सगळीकडेच."

"उजव्या हाताच्या गवंड्याचा उजवीकडे येतो. माझे बाबा डावखुरे. त्यांच्याबरोबर काम करताना दुसरा गवंडी हाताशी उभा राहायचा नाही, कोपर लागायचं म्हणून."

"पोर्तुगालमध्येही असेल की एखादा डावखुरा," सिद्धेश म्हणाला.

"असेल. चल मग, बघू त्याने आणखी काय काय बांधलंय ते."

आणि ती बाहेर पडली. आर्या तिच्या मागे गेली. कॅफेत बसलेली दोन कॉलेजची पोरंही उठून मागे लागली, कारण फोनवरच्या सहलीपेक्षा हे बरं दिसत होतं.

नकाशात नसलेल्या आळीतून प्रिस्काने त्यांना नेलं. पहिलं घर तिचं स्वतःचं, १९६९ चं. व्हरांड्याच्या पट्टीवर ओठ डावीकडे. दुसरं पिठाच्या गिरणीचं, दारावर सिमेंटमध्येच कोरलेलं १९७७. ओठ डावीकडे. तिसऱ्या घरात मीरा वर्तक फुलांच्या पुड्या बांधत होती. ती म्हणाली, "आमच्या तुळशीवृंदावनाला पण बघा. सासरे सांगायचे, ॲन्सेल्म क्रूसही घडवायचा आणि तुळशीवरची फुलंही, जे सांगाल ते हसत करायचा." आर्याने वृंदावनाच्या कठड्यावर बोट फिरवलं आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाली, "डावीकडे."

सहा घरं झाली. परत येताना आर्या वहीत लिहीत होती. कॅफेच्या फाटकाशी ती थांबली.

"सिद्धेश, मला मजकूर बदलावा लागेल. मी ऐकीव माहितीवर लिहिलं होतं. चूक माझी आहे."

"मग माझ्या भिंतीवरची पाटी काढ," सिद्धेश म्हणाला. त्याचा गोडवा संपला होता. "आणि माझ्या कॅफेचं नावही घेऊ नकोस. पोर्तुगीज नाही तर थांबा नाही."

आर्याने आग्नेलकडे पाहिलं. भिंत त्याची होती. आग्नेलने मान खाली घातली. "भाडेकरू म्हणतो तसं," तो पुटपुटला.

"काढ पाटी," प्रिस्का म्हणाली. "भिंत त्यांची. रस्ता कुणाचा?"

"म्हणजे?"

"इथे विजेच्या खांबापाशी उभं राहिलं की तिन्ही कमानी दिसतात. थांबा इथे. बघायला कुणाला विचारावं लागत नाही. फोन काढ, मी बोलते."

आर्याने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. सिद्धेशने आत जाऊन गाणी मोठ्याने लावली. खिडकीची तावदानं थरथरू लागली. प्रिस्काने आवाज चढवला.

"तुमच्या समोरच्या तीन कमानी ॲन्सेल्म जुझे तुस्कानो यांनी बांधल्या. राहणार निर्मळ. ते डावखुरे होते. सुतारकाम शत्रुघ्न मेहेर यांचं. काम तेरा महिने चाललं. १९७४ च्या मे महिन्यात फादरांनी घराला आशीर्वाद दिला..."

"मे नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आग्नेल हातात रिकामा कप घेऊन फाटकात उभा होता.

"एप्रिल," तो म्हणाला. "ईस्टरनंतरचा रविवार. त्याच मांडवात माझ्या बहिणीचं लग्न लागलं."

आतून सिद्धेशने हाक मारली, "अंकल, तुम्ही आत या."

प्रिस्का आग्नेलकडे बघत राहिली. तीस वर्षांत तिने अनेकांच्या तारखा सुधारल्या होत्या. कुणी तिची सुधारावी असं क्वचित झालं होतं.

"असेल. मग मी चुकले," ती म्हणाली. "बरोबर काय ते तू सांग. आर्या, फोन त्याच्यासमोर धर."

आर्याने फोन पुढे केला. सिद्धेशने पुन्हा हाक मारली. आग्नेलने कप फाटकाच्या खांबावर ठेवला, शर्टाला हात पुसले आणि गाण्याच्या वर आवाज काढून म्हणाला, "मी आग्नेल डाबरे. हे घर माझं. बांधलं ॲन्सेल्म गवंड्याने."