डिकीचे नवे दांडे

शीराने डिकी दोन्ही हातांनी डोक्यावर पेलून धरली आणि मान वळवून नाओमी कुठे आहे ते पाहिलं. चार वर्षांची पोर गॅरेजच्या तोंडाशी टायरवर बसून बोटाने ग्रीस उकरत होती.

"हात लावू नकोस म्हटलं ना? घरी जाऊन पुन्हा दाराच्या चौकटीला पुसशील."

"मी नाय पुसत," नाओमी म्हणाली. हे ती दर आठवड्याला म्हणायची.

"वहिनी, हलू नका. माझी मान हाय खाली," कान्हू आतून ओरडला. तो कमरेपर्यंत डिकीत शिरून जुन्या दांड्याचा बोल्ट सोडवत होता.

दहा वर्षांच्या मारुतीची डिकी वर तोलून धरणारे ते दोन दांडे कधीच मेले होते. खाडीच्या खाऱ्या हवेने ते खाल्ले, आतला गॅस निघून गेला, आणि डिकी वर राहीनाशी झाली. शीराच्या सासऱ्यांनी, एझ्राबाबांनी, बांबूचा एक तुकडा कापून टेकू केला होता. दोन महिन्यांपूर्वी पेणला तो निसटला. दर शुक्रवारी सकाळी ते अष्टमी गावाहून पेणला जात. त्यांचा जुना सोबती सामाजी तिथे एकटाच राहायचा, पायांनी अधू. त्याचा तांदूळ काढताना डिकी बाबांच्या डोक्यात बसली. रुमाल दाबून म्हातारा माणूस एकटा गाडी चालवत घरी आला. तीन टाके पडले. त्या दिवसापासून शीराला गाडीकडे पाहवत नसे.

शीराचा नवरा मायकल सहा महिन्यांपूर्वी इस्राएलला राहायला गेला होता. आता तिची आणि नाओमीची तिकिटं आली होती. अकरा दिवस उरले होते. बाबा येणार नव्हते. "सामाजीला कोण बघणार?" एवढंच ते म्हणत, आणि त्यापुढे कुणाचं काही चालत नसे. मग शीराने यादी केली. गॅसचा नंबर लावणं. शेजारच्या पुतळीवहिनींशी रात्रीच्या जेवणाचं बोलणं. साखरेच्या गोळ्यांवर सकाळ-संध्याकाळच्या चिठ्ठ्या. शेवटी डिकी. मुंबईहून दांडे मागवून घेतले, आणि आज, गुरुवारी, ती बाबांना जवळजवळ ओढतच इथे घेऊन आली होती.

बाबा बाकावर बांबू मांडीवर घेऊन बसले होते.

"काका, ती काठी आता आमच्या चुलीत द्या," कान्हू म्हणाला.

"नाय देणार. तुझ्या दांड्यांपेक्षा इमानी हाय."

"इमानी? टाळकं फोडलं ना तिनंच!"

"घरचं माणूस कधीमधी मारतं."

शीरालाही हसू आलं. कान्हूने दुसरा नवा दांडा बसवून पाना खाली ठेवला.

"सोडा, वहिनी."

तिने हात सोडले, पण तळवे तसेच काचेखाली धरून ठेवले.

"सोडा म्हटलं ना. नाय पडत."

डिकी पडली नाही. उलट सुस्कारा टाकावा तशी आणखी वीतभर वर गेली आणि थांबली. शीराने खूप दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

"बाबा, एकदा बंद करून बघा."

"त्यात काय बघायचं? राहिली ना वर? झालं."

"मला बघू दे ना. उद्या तुम्हीच लावणार."

बाबा उठले. बांबू बाकाला टेकवला आणि उघड्या डिकीखाली येऊन उभे राहिले. हात मात्र कोपरांपासून बरगड्यांना चिकटलेलेच. त्यांनी टाचा उचलल्या, पुन्हा टेकल्या.

"वर करा की हात," कान्हू हसला. "पोलिसानं धरल्यावानी!"

बाबांनी उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. चेहरा पांढरा पडला. मग डावा. तोही तिथेच. कान्हूचं हसू ओसरलं. तो उगाच पाना पुसू लागला.

"कधीपासून?" शीराने विचारलं.

"होतं असं. साखरेनं खांदे धरतात. कंपाउंडरकीत जन्म गेला माझा, मला नको शिकवू."

"मायकलला का नाही कळवलंत?"

"कळवून काय, त्याचा खांदा दुखणार? आणि तुझं तिकीट फाडलं असतंस तू. तुला ओळखतो मी."

शीरा बाकाला टेकलेल्या बांबूकडे पाहत राहिली. डिकी थोडी उचलायची, खाली पाठ घालायची, बांबू खुपसायचा. झालं की पायाने बांबू उडवायचा; डिकी आपल्या वजनाने बंद. हात वर न करता सगळं बसवलं होतं त्यांनी. ते तिने आज मोठ्या काळजीने मोडून ठेवलं होतं.

"कान्हू, जुनेच लाव परत," बाबा म्हणाले.

"नाही!" तिचा आवाज इतका चढला की नाओमी टायरवरून उठली.

मग कान्हूनेच कुठल्याशा जुन्या गाडीच्या सीटचा पट्टा शोधून आणला आणि डिकीच्या कडेला बोल्टने आवळला. पट्टा लोंबत बाबांच्या छातीशी आला. त्यांनी तो दोन्ही मुठींत धरला, गुडघे वाकवून सगळं अंग खाली सोडलं. डिकी आली आणि धाडकन बसली.

"बघ," ते म्हणाले. कपाळावर घाम होता.

घरी येताच शीराने बादलीत फडकं बुडवलं. शुक्रवारच्या संध्याकाळी शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, लागायचा, म्हणून चौकटी ती गुरुवारीच पुसून घेई. उजव्या बाजूला वर मेझुझा होती, पवित्र वचनांची गुंडाळी असलेली पितळी नळी. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना टेकवायची, ही बाबांची जन्माची सवय. गेल्या काही महिन्यांत ती सुटली होती. बाबा चौकटीला हात टेकून नुसते आत जात. शीराने पत्रात लिहिलं होतं, बाबा देवावर रुसलेत. मायकलचं उत्तर आलं होतं, आपण चाललो म्हणून. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नव्हता.

मेझुझेच्या खाली, वीत-दीड वीत अंतरावर, तो डाग पुन्हा उमटला होता. गोल, तेलकट.

फडकं टेकवता टेकवता तिचा हात थांबला.

"नाओमी, इकडे ये."

"मी नाय केलं."

"हात वर कर बघू. टाचा उचल."

नाओमी चौकटीला चिकटून ताणून उभी राहिली. तिची बोटं डागाच्या चांगली चार बोटं खाली राहिली.

गॅरेजमध्ये बाबांचा हात जिथे थांबला होता, ती उंची शीराला चौकटीवर न मोजताच दिसली. मेझुझेपर्यंत न पोचलेली ती बोटं तिने दर गुरुवारी पुसून काढली होती.

फडक्याचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. अंगणात डिकी सुस्कारत वर गेली. थोड्या वेळाने धाडकन बंद झाली. मग पुन्हा वर गेली.

"आई, आजोबा काय करतायत?"

शीराने फडकं बादलीत टाकलं. डाग तसाच राहिला.

बाहेर डिकी पुन्हा बंद झाली. या वेळी जरा बेताने.