इंजिनाखालचा पत्रा

मंगळवारी सकाळी चिकलठाण्याच्या जुन्या गावात, लिंबाच्या झाडाखाली, मुंगीला शिरायला जागा नसायची. पार देवगाव रंगारीपासून माणसं यायची, कुणी बाळंतीण घेऊन, कुणी गुडघे दुखणारी म्हातारी घेऊन. आणि मधोमध गोणपाटावर उभं काय, तर कडूबाची मोटरसायकल! हँडलला झेंडूचे हार, हेडलाइटला कुंकू, पेट्रोलच्या टाकीवर जरीचा खण. ह्या गाडीच्या पोटातून म्हणे देव पाझरत होता.

देवाचं नाव तेलोबा. दसऱ्याच्या आधी हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. पुजारी होता कडूबाचा थोरला भाऊ कारभारी. मेंढ्या विकल्यापासून त्याचा एकही धंदा धड चालला नव्हता, पण जीभ मात्र पहिल्यापासून चालायची.

"बघा माय-बापहो!" कारभारी कपाळाला गंध फासून ओरडायचा. "ही चैन म्हंजी मायेची साखळी! हा क्लच म्हंजी वैराग्य, दाबला का संसार सुटला! गियर किती? चार! वेद किती? चार! आन् न्यूट्रल म्हंजी समाधी!"

"आन् हॉर्न वो?" मागून कुणीतरी टवाळानं विचारलं.

"हॉर्न म्हंजी ओंकार!" कारभारी जराही अडखळला नाही, आणि काय सांगावं, लोकांनी खरोखर हात जोडले.

मग देवाला जागं करायचं म्हणून गाडीला किक मारायची. इंजिन धडधडायला लागायचं, टाळ वाजायचे, लांबलचक आरती व्हायची. आरती संपत आली की इंजिनाखालच्या पत्र्यातून पहिला थेंब पडायचा. सोन्यासारखा पिवळा, कापराचा वास येणारा. खाली पितळी ताट धरलेलं असायचं. बाया रडायच्या, बाप्ये दंडवत घालायचे, आणि बाटल्या, डब्या, औषधाची रिकामी टोपणं, जे हाती असेल ते पुढं व्हायचं.

ह्या सगळ्यावर लोकांचा इतका विश्वास बसला तो कारभारीच्या तोंडावर नव्हे, कडूबाच्या शब्दावर. कडूबा कारखान्यात कामाला. सरळ माणूस. गाडीचं ऑइल तो स्वतः अंगणात बदलायचा, गॅरेजवाल्याच्या हाती गाडी द्यायचा नाही. सुरुवातीला गर्दीतल्या शहाण्यांनी त्यालाच विचारलं होतं, "इंजिनातलंच ऑइल गळत नसल ना रे?" तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत ऑइल मोजायची काडी, गेज, काढून दाखवलं होतं. लेव्हल जिथल्या तिथं, आणि इंजिनातलं ऑइल काळंकुट्ट. "हे पिवळं कुठून येतं, मला बी कळंना," तो प्रामाणिकपणे बोलला होता. झालं! खुद्द मालकालाच कळत नाही म्हटल्यावर देवाशिवाय दुसरं कोण असणार?

कडूबाला कळत नव्हतं हे खरं होतं. पण त्यानं नीट बघितलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

वावराच्या वाटेवर गोटेच गोटे, म्हणून त्यानं इंजिनाखाली जाड पत्रा बसवून घेतला होता. पावसाळ्यात तो एका दगडावर आदळून पार वाकला. "दे, मी शहागंजातून वेल्डिंग करून आणतो," कारभारी म्हणाला, आणि दोन दिवसांनी पत्रा स्वतःच्या हातानं बसवूनही मोकळा झाला. पत्र्याला आधी खाली एक भोक होतं. त्यातून पाना घालून नट खोलायचा, ऑइल खाली सोडायचं, पत्रा काढायची गरजच नाही. वेल्डिंग होऊन आलेल्या पत्र्याला ते भोकच नव्हतं.

"दादा, भोक बुजवलं कामून?"

"वेल्डर म्हणला, मजबूत ऱ्हाईल."

दादा म्हणाला, म्हणजे संपलं. बाप लहानपणीच गेला, तेव्हा ह्याच दादानं कडूबाला खांद्यावर घेऊन मेंढरं राखली होती, आपल्या वाटणीची भाकर त्याला दिली होती. दादानं आणलेल्या पत्र्याखाली वाकून कोण बघणार? कडूबानं गेज बघितलं, इंजिन बघितलं, पत्रा सोडून सगळं बघितलं.

आणि मग मायच्या पायाचं झालं.

मायला, बानाबाईला, साखरेचा आजार. पायाच्या बोटाला ठेच लागून जखम झाली होती. दवाखान्यातली मेहरुन्निसा सिस्टर एक दिवसाआड पट्टी बदलायची, जखम भरत चालली होती. एका मंगळवारी कारभारीनं भर गर्दीत मायची पट्टी सोडली आणि तेलोबाचं तेल आपल्या हातानं जखमेवर चोळलं. बाया गहिवरल्या. म्हातारीनं लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसापासून तिनं दवाखाना सोडला, गोळ्याही सोडल्या. "माझा देव घरात हाय," म्हणायची.

पंधरवड्यात पाय काळा पडला. वास यायला लागला. कडूबा गोळ्या तरी न्याव्या म्हणून दवाखान्यात गेला, तर सिस्टर त्याच्यावर उखडलीच.

"गोळ्यांनी काय होनार कडूबाभाई? आजींना आजच्या आज आणा! बोटं तर गेल्यात जमा हाय, आता पाय वाचवा!"

"ती ऐकत नाय वो. देवाचं तेल म्हणती."

सिस्टरनं दम खाल्ला. मग जरा हळू विचारलं, "एक बात सांगा. तुमचा देव गाडी बंद असताना कधी गळला?"

कडूबानं आठवून बघितलं.

"नाय ना? मग त्याला आरती लागते का गर्मी लागते, हे बघितलं का कुनी?"

दवाखान्यातून घरी येईस्तोवर कडूबाच्या डोक्यात ते बुजवलेलं भोक घुमत राहिलं. पत्रा सायलेन्सरच्या नळीला चिकटून. नळी तापते, पत्रा तापतो. तो मधेच थांबला. शंका आली म्हणून नव्हे. शंका कुणाबद्दल आली, म्हणून. वाटेत त्यानं दोनदा स्वतःलाच शिव्या घातल्या. दादा असं करील? मायच्या पायावर?

मंगळवार होताच. लिंबाखाली गर्दी जमली होती, माय पुढंच पोत्यावर बसली होती. कडूबा हातात पाने घेऊन सरळ गाडीपाशी गेला.

"ऑइल बदलायचंय," तो म्हणाला. "दसऱ्यापासून राहिलंय."

कारभारीचा चेहरा उतरला. "देवाला पाना लावतो? कोप व्हईल!"

"ऑइल नाय बदललं तर इंजिन जाम व्हईल. मंग तुझा देव ऱ्हाईल कुठं?"

गर्दीत हशा पिकला. कुणी म्हणालं, मालकाची गाडी हाय, बदलू द्या की. कडूबा मातीत उताणा झाला आणि पत्र्याचे बोल्ट सोडायला लागला. शेवटचा बोल्ट निघाला आणि पत्रा त्याच्या छातीवर आला. जड! पूर्वी एका हातानं उचलायचा तो पत्रा आता दोन्ही हातांना झेपेना. आणि तिरका होताच आत काहीतरी डुचमळलं.

कडूबा तसाच पडून राहिला. वर लिंबाचा पाला दिसत होता. आता उठावं, पत्रा परत बसवावा आणि म्हणावं, काही नाही, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. भाऊ उघडा पडला असता ना! पण बाजूलाच मायचा पाय होता, काळा पडलेला, फडक्यात गुंडाळलेला, आणि त्याचा वास त्याच्या नाकात जात होता. तो उठला.

"दगडाबाई, किटली आणा. उकळती."

गर्दीला चहा विकणारी दगडाबाई किटली घेऊन आली. कडूबानं पत्रा दोन विटांवर ठेवला. गाडी तिकडं, पत्रा इकडं. ना इंजिन, ना टाळ, ना आरती. किटलीतला उकळता चहा त्यानं पत्र्याच्या पुढच्या कडेवर ओतला. सगळे माना पुढं काढून बघत होते. मग कडेतून मेणाचा एक पांढरा गोळा सुटून खाली पडला, आणि त्याच्यामागून तेल. पिवळं, कापराच्या वासाचं. थेंब, थेंब, मग धार.

"बघा तुमचा तेलोबा," कडूबा म्हणाला. "ह्यो दुहेरी पत्रा हाय. मधी पोकळी. ह्या बाजूचा बोल्ट काढून नवं इंजिन ऑइल भरायचं, कापूर टाकायचा, कडेच्या बारक्या भोकात मेणबत्तीचं मेण दाबायचं. इंजिन तापलं का मेण वितळतं. आरती लांबली नसती ना, तर देव आलाच नसता!"

कुणी हातातली बाटली मातीत उपडी केली. एक बाई कारभारीच्या अंगावर धावून गेली. तेवढ्यात बानाबाई बोलली.

"कारभारी, तुला ठावं व्हतं?"

कारभारीनं मान खाली घातली. "माय, घरात मला कोन इचारत व्हतं? कडूचा पगार आला का कडू शहाणा. हितं मला लोक पाया पडाया लागले. मंग पुजाऱ्याचीच माय दवाखान्यात जाती म्हणल्यावर लोक काय म्हणले असते?"

"मंग तू तेल लावलं."

"मला वाटलं, तसाच बरा व्हईल."

म्हातारी रडली नाही. कडूबाच रडला, पोरासारखा हमसून रडला. फसवणारा परका असता तर त्याची गचांडी धरता आली असती. हा तर दादा होता, अर्धी भाकर देणारा. त्याच्याकडं बघायचं तरी कसं?

त्यानं हार ओरबाडून काढले, किक मारली आणि मायला मागं बसवून दवाखाना गाठला. सिस्टरनं जखम बघितली आणि तिथूनच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. दोन बोटं गेली. पाय वाचला.

मोटरसायकलीखाली आता साधा पत्रा आहे, भोक असलेला. तरी माणसं येतच राहतात! परवा एक बाई भाजलेली लेक कडेवर घेऊन आली. "तेलोबाचं तेल भेटंल का?"

कारभारी मागच्या खोलीत जाऊन बसला. कडूबा काही बोलणार, तोच बानाबाईनं खाटेवरून आपला पाय पुढं केला.

"हे बघ, बाई. हात लावून बघ, लाजू नगं. त्याच तेलानं झालं हे. पोरीला आत्ताच्या आत्ता सिस्टरकडं ने."

"पर आजी, लई लोक म्हणत्यात गुण येतो…"

"लोकांचं सांगू नगं मला. पोटच्या पोरानं माझ्या डोळ्यात बघून खोटं सांगितलं, मी एक सवाल केला नाय, म्हणून बोटं गेली. तू तरी इचार. कुनी बी सांगू दे, भाऊ सांगू दे, लेक सांगू दे, देव सांगू दे, पोरीच्या अंगाला लावायच्या आधी इचार, ह्यात हाय काय!"