येसूबाईची मुंगी

कमलाकांत काही डॉक्टर नव्हता, पण हातात बॅग आणि गळ्यात मोजायची टेप असलेल्या माणसाला आमच्या आळीत दुसरं काय म्हणणार? मुंबईच्या एका इस्पितळात लहान मुलांना व्यायाम शिकवणं हे त्याचं काम. घरच्यांनी रोज व्यायाम करून घेतला तर खेड्यातल्या मुलांचे अधू हातपाय सुधारतात का, हे त्याला तपासायचं होतं. त्यासाठी शहाऐंशी साली तो केळवे रोडला उतरून, टांग्यात हाडं खिळखिळी करून घेत, दर महिन्याला माझ्या बालवाडीत यायचा. आल्या आल्या माझी एकुलती एक खुर्ची बळकावायचा.

त्याची आमच्याकडची रोगी एकच, चिमी. वय पाच. डावा हात जन्मापासून अधू, मूठ मिटून छातीशी धरलेली. बाकी पोरगी तिखट; उजव्या हाताने सगळं करायची, मारामारीसुद्धा. आईबाप होडी आणि बाजारात गुंतलेले, त्यामुळे ती आजीच्या ताब्यात. आजी येसूबाई म्हणजे आळीचं हायकोर्ट. कुणी बोंबील वाकडे टांगले तरी खडसावायची. तिचं स्वतःचं कधीच काही चुकायचं नाही, आणि हे ती आम्हाला विसरू द्यायची नाही.

कमलाकांतने येसूबाईच्या भिंतीवर खडूने शिडी काढली आणि वर एक फूल. डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून चालवत फुलापर्यंत न्यायची, रोज. "आत्ता केलं नाही तर सांधे आखडतील," त्याने बजावलं. "मग ही मूठ जन्मभर उघडायची नाही."

येसूबाईचा चेहरा उतरला. "एक दिस चुकनार नाय," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला त्याने चिमीचा हात मोजला. ढिम्म फरक नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. तिसऱ्या वेळी बिचारा रडवेला झाला, आणि मला घेऊन तडक येसूबाईच्या ओट्यावर गेला.

"आजी, व्यायाम रोज होतो ना?"

"रोज. उपाशीपोटी."

"उपाशी कशाला?"

"मग? देवीचा नवस काय जेवून फेडतात?"

"अहो, पण लहान पोरीला उपाशी..."

"तिला कशाला? ती पोटभर खाते. मी करते."

कमलाकांतने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मुंगीच्या वाटेवर मासळीच्या हातांचे डाग फुलाच्याही वर, पार वाशापर्यंत गेले होते.

आता यात येसूबाईचं काय चुकलं? चिमीला गोवर आला तेव्हा शितळादेवीला अनवाणी चालत कोण गेलं? येसूबाईच. बरी कोण झाली? चिमी. लेकरासाठी मोठ्या माणसाने कष्ट काढायचे, हीच आमच्याकडची रीत.

"पण हात तिचा अधू आहे!" कमलाकांत ओरडला.

"म्हनून तर मी करते. माझा धड हाय." येसूबाईने डावा हात गरगर फिरवला. "खांदा धरला व्हता, तो पन सुटला. गुन हाय तुमच्या हाताला."

तो मटकन ओट्यावर बसला. कपाळ पुसून म्हणाला, "करून दाखवा बघू."

आता परका माणूस टक लावून बघतोय म्हटल्यावर येसूबाई बावचळली. बोटं न चालवता तिने अख्खा पंजाच फरफटत वर नेला.

"आजी! मुंगी अशी चालते काय?" जांब खात बसलेली चिमी किंचाळली. रोज देखरेख तिचीच असायची. ती तरातरा आली आणि उजव्या हाताने दाखवू लागली.

"ह्यो नाय गो. डाव्याचा नवस हाय," येसूबाई म्हणाली.

चिमीने वैतागून डावा हात उचलला. मूठ भिंतीला घासली. मग एक बोट सुटलं, दुसरं सुटलं. मुंगी वीतभर चढली आणि पडली.

"कललं?" चिमीने विचारलं.

येसूबाईला लगेच कळलं. तिने मुंगी अगदी बरोबर फुलापर्यंत नेली आणि चिमी समाधानाने पुन्हा जांब खायला बसली. मला येसूबाईचा असा राग आला!

कमलाकांत तिच्या कानाशी वाकला. "आजी, रोज चुका. चुकलात तरच ती दाखवेल."

"चुकू? मी?" येसूबाई घाबरलीच. "डाक्टर, कोंबडा देते. दोन देते. चुकायला नका सांगू."

"कोंबडा नको, आजी."

तिने चिमीच्या मुठीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

मग रोज संध्याकाळी आळी ओट्यासमोर जमायला लागली. येसूबाईची मुंगी कधी उलटी चालायची, कधी दारावर जायची, एकदा तर माझ्या डोक्यावर चढली. वर्षानुवर्षं तिची बोलणी खाल्लेल्या बायका पोट धरधरून हसायच्या. ती मान खाली घालून पुन्हा चुकायची. आणि चिमी कपाळाला हात लावून पुन्हा दाखवायची.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चिमीची मुंगी फुलावर पोचली. बायका हसायच्या थांबल्या. येसूबाईने घाईघाईने आपली मुंगी कोनाड्यात घातली.

चिमीने सुस्कारा सोडला. डाव्या हाताचा पंजा, अख्खा उघडा, आजीच्या गालावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे, आजी. तुला नाय जमत."

"नाय गो बाय," येसूबाई तो हात गालाशी दाबून सगळ्या आळीदेखत म्हणाली, "मला नाय जमत."